दाजी, काय आणू?

परदेशात राहणाऱ्या नातेवाइकानं ‘येताना काय आणू?’ असं विचारलं की ‘काही नको रे, तू सुखरूप ये’ असं म्हणायचं असतं. मग तो आपल्या मनानं बदाम, चॉकलेटं आणि बाटली उघडताच शिंका आणणारा एखादा सेंट घेऊन येतो, आपण ‘कशाला एवढं’ म्हणतो आणि प्रकरण मिटतं. या सुरळीत व्यवस्थेला सुरुंग लावला तो माझ्या मेहुण्यानं.

पिंटू सॅन होजेला असतो. २००१ च्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. ‘दाजी, दिवाळीला येतोय. तुमच्यासाठी गाणी ऐकायचं यंत्र आणायचंय. सुटा एमपीथ्री प्लेअर आणू, की तुमच्या व्हायझरला मागून जोडतात ते मॉड्यूल? दोन्ही दोनशे डॉलरच्या पुढेमागे आहेत. विचार करून सांगा.’

घरात आजवर मला कुणी विचार करायला सांगितलं नव्हतं. मी ते मनावर घेतलं.

आता हे व्हायझर काय, ते हल्लीच्या पोरांना सांगावं लागेल. खिशात मावणारी, पडद्यावर काडीनं लिहायची डायरी. फोन नंबर, भेटीगाठी, कामांची यादी आणि ठरल्या वेळी कोकलणारा गजर. पिंटूनंच मागच्या खेपेला दिलेलं. मी नाशिकमधल्या सातपूरच्या एका वर्कशॉपची कंट्रोल पॅनेल विकतो. अंबडपासून ठाण्यापर्यंतचे सगळे परचेस मॅनेजर, त्यांचे साहेब आणि त्या साहेबांच्या साखरेच्या पथ्यासकट त्यात कोंबलेले होते. मोबाईलवर आलेल्या फोनचेही पैसे पडायचे तो काळ. त्यामुळे मोबाईल कमरेला शोभेला आणि खरं काम व्हायझरवर.

ते बनवणारी माणसंही न्यारी. पाम पायलट नावाची अशीच खिशातली डायरी ज्यांनी आधी जन्माला घातली ते जेफ हॉकिन्स आणि डोना डुबिन्स्की १९९८ साली कंपनी सोडून बाहेर पडले, हँडस्प्रिंग काढली आणि १९९९ मध्ये व्हायझर बाजारात आणलं. हा हॉकिन्स पहिलं पाम घडवताना म्हणे लाकडाचा एक ठोकळा शर्टाच्या खिशात घालून फिरायचा आणि मीटिंगमध्ये कुणी तारीख विचारली की त्या ठोकळ्यावर काडीनं लिहिल्यासारखं करायचा. आमच्याकडे कुणी असं केलं असतं तर घरच्यांनी त्याला त्र्यंबकेश्वरला नेऊन नारायण नागबळी करून आणला असता. तर या मंडळींनी व्हायझरच्या पाठीला एक खाच ठेवली, तिचं नाव स्प्रिंगबोर्ड. तिच्यात फोनचं मॉड्यूल सरकवा, फोन लावता येतो. कॅमेरा सरकवा, फोटो येतो. एमपीथ्रीचं मॉड्यूल सरकवा, गाणं वाजतं. डायरी एकच, वेष हवे तेवढे. ऐकताना कसं झकास वाटतं!

पण मी खोलात शिरलो, आणि माझी झोप उडाली. व्हायझरचा मेंदू सोळा मेगाहर्ट्झचा. पत्ते सांभाळायला तो पुरे, पण एमपीथ्री उलगडून वाजवणं त्याच्या आवाक्याबाहेर. म्हणून मॉड्यूलमध्ये गाणी उलगडणारी चिप वेगळी, गाणी साठवायची मेमरी वेगळी, हेडफोनचं भोकसुद्धा वेगळं. म्हणजे गाणार ते, साठवणार ते, ऐकवणार ते. मग आमच्या व्हायझरचं यात काम काय? तर कडेवर घेऊन हिंडणं. हे पिंटूला कळवलं तर तो म्हणाला, ‘बरोबर आहे दाजी, पण पडद्यावर गाण्याचं नाव दिसतं ना!’ गाणं आपण स्वतःच भरलेलं असताना त्याचं नाव वाचण्यात कसली मजा आली?

सुट्या प्लेअरची बाजूही काही निष्कलंक नव्हती. त्यांतला पहिला गाजलेला रिओ. १९९८ साली तो आला तेव्हा अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी त्याला थेट कोर्टात खेचलं होतं. पुढच्या वर्षी कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. एवढी भानगड कशासाठी, तर बत्तीस एमबी मेमरीसाठी. एका मिनिटाच्या बऱ्या आवाजाला एक एमबी लागते, तेव्हा बत्तीस एमबीत अर्धा तास. आमच्या वेळेपर्यंत चौसष्ट एमबीची मजल आली होती, म्हणजे तासभर. मॉड्यूल घ्या नाहीतर सुटा घ्या, तास तो तासच.

हा हिशेब ज्यानं केला त्यानं आयुष्यात ख्याल ऐकला नसावा. त्यांची गाणी तीन-तीन मिनिटांची. तासात वीस बसतात. आमच्याकडे बुवांनी बडा ख्याल मांडायला घेतला की तासाला दहा मिनिटं कमी असताना ते द्रुतकडे वळणार. म्हणजे नऊ-साडेनऊ हजार रुपयांत एक राग आणि उरलेल्या जागेत अर्धा तराणा. पिंटू म्हणाला, दर्जा निम्मा करा, दोन तास बसतील. तसंही करून पाहिलं, कॉम्प्युटरवर. तंबोऱ्याला पडसं झालं.

पंचवटी एक्सप्रेसमध्ये मी हा विषय काढला ही त्यानंतरची घडामोड. नाशिकरोडहून मुंबईला रोज जाणारा पासधारक हा कशावरही मत असलेला प्राणी आहे. मी आठवड्याच्या गिऱ्हाईकभेटींपुरता त्यांच्यात मिसळणारा, त्यामुळे एरवी माझं स्थान चौथ्या सीटवर अर्धं टेकण्याइतकंच. पण त्या दिवशी मला खिडकी मिळाली. देवळालीपर्यंत दोन तट पडले होते. बँकवाले मॉड्यूलच्या बाजूचे: ‘एक वस्तू, एक खिसा, एक चार्ज.’ रेल्वेतले गृहस्थ सुट्या प्लेअरच्या बाजूचे: ‘डबा वेगळा, इंजिन वेगळं. म्हणून तर गाडी चालते.’ कोपऱ्यातला एक तरुण म्हणाला, या दोन्हींत काही राम नाही, सीडी वाजवणारा एमपीथ्री प्लेअर घ्या. फुटपाथवरच्या एका सीडीत दीडशे गाणी येतात. त्याचं म्हणणं तर्काला धरून होतं आणि म्हणूनच ते कुणाला आवडलं नाही. ‘ते ताटाएवढं खिशात घालणार कुठून?’ असं विचारून त्याला गप्प करण्यात आलं.

मग बँकवाल्यांनी घड्याळ काढलं. तास म्हणजे नक्की कुठपर्यंत? चौसष्ट एमबी नाशिकरोडला सुरू केली तर इगतपुरी सोडून गाडी घाटात शिरता शिरता संपणार, असं निघालं. म्हणजे कसारा घाटाच्या बोगद्यांत, जिथं वाचता येत नाही आणि ऐकायची खरी गरज असते, तिथंच गाणी खलास. तिथून सीएसटीपर्यंत पुन्हा तोच राग. दादरला उतरताना रेल्वेवाले हळूच म्हणाले, ‘साहेब, वॉकमन वाईट नाही हो. कॅसेट उलटली की काम झालं.’

घरी वेगळंच न्यायालय भरलं. हिनं सगळं ऐकून घेतलं, कणीक तिंबता तिंबता. मग हात न धुताच माळ्याकडे बोट केलं. तिथं एक खोकं आहे. मेन रोडवरून हौसेनं घेतलेल्या फूड प्रोसेसरची भांडी आणि पाती त्यात आहेत: किसायचं वेगळं, काप करायचं वेगळं, रस काढायचं वेगळं, कणीक मळायचं प्लॅस्टिकचं वाकडं. मोटर जळली, आणि कंपनीनं तोवर ते मॉडेलच बंद केलेलं. पाती अगदी नवी कोरी आहेत. दुसऱ्या कुठल्याही यंत्राला ती बसत नाहीत.

‘अहो, जोडायच्या वस्तूचं असंच असतं,’ ती म्हणाली. ‘उद्या तुमचं ते खाचवालं बंद पडलं की गाणी गेली माळ्यावर.’

बाकी काही म्हणा, बाईला पुढचं दिसतं. वर्षभरात हँडस्प्रिंगनं ट्रिओ नावाचे फोन आणले आणि त्यांना ती खाचच नव्हती. २००३ साली तर अख्खी कंपनीच पुन्हा पाममध्ये जाऊन मिळाली. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.

सेलचा मुद्दा मात्र तिलाही सुचला नव्हता, तो माझा स्वतःचा. व्हायझर चालतं दोन बारीक सेलवर, आपण टीव्हीच्या रिमोटला घालतो त्यांवर. त्यातली सगळी माहिती जिवंत राहते तीही त्याच सेलांच्या जिवावर. सेल पुरते उतरले आणि बदलायला उशीर झाला की पाटी कोरी! काही मॉड्यूल्स स्वतःचे सेल घेऊन येतात, पण काही व्हायझरच्याच सेलांवर पोसतात. म्हणजे घाटात मी भैरवी ऐकत बसायचं आणि तिकडे एकेक परचेस मॅनेजर काळाच्या पडद्याआड जायचा. मी एमजी रोडवरच्या एका दुकानात हा पेच मांडला. दुकानदारानं व्हायझर उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, ‘याचा टीव्ही कुठल्या कंपनीचा आहे?’

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे सुटा, उजवीकडे मॉड्यूल असे मुद्दे लिहायला घेतले होते. पान भरलं. दुसरं घेतलं. गणपती आले नि गेले, नवरात्र बसलं, पिंटूचे फोन येत राहिले. ‘दाजी, ठरलं का?’ या प्रश्नातला ‘दाजी’ हळूहळू बारीक होत चालला होता. शेवटी निकाल दिला तो आमच्या अण्णांनी.

अण्णा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले. उभी हयात देशासाठी नोटा छापल्या आणि घरी आणला तो फक्त पगार, तोही मोजून. त्यामुळे खर्चाच्या बाबतीत त्यांचा शब्द आमच्याकडे अखेरचा असतो. ते पेपर बाजूला न करता म्हणाले, ‘तू छत्री विसरतोस, डबा विसरतोस. दोन यंत्रं दिली तर दोन हरवशील. एकच ठेव.’

‘अण्णा, पण एकच असलं आणि ते हरवलं तर सगळंच जाईल ना?’

‘मग नीट सांभाळशील.’

यावर काय बोलणार? मी पिंटूला मॉड्यूल सांगितलं. त्यानं फोनवर सोडलेला सुस्कारा सात समुद्र ओलांडून मला स्पष्ट ऐकू आला. बाकी थोड्याच दिवसांनी, ऑक्टोबरातच, ॲपलनं पाच जीबीचा, हजार गाणी मावणारा आयपॉड जाहीर केला. पण तो मॅकलाच जोडता यायचा आणि आमच्या आख्ख्या ओळखीत मॅक होता एका लग्नपत्रिका करणाऱ्या डीटीपीवाल्याकडे. त्यामुळे ती बातमी मी शांतपणे वाचू शकलो.

दिवाळीला मॉड्यूल आलं. काड्यापेटीहून थोडं मोठं, खाचेत सरकवलं की ‘टक्’ असा समाधानी आवाज करणारं. आणि उत्तम चालणारं, हे प्रामाणिकपणे सांगतो. मी त्यात अभंग भरले, थोडे नाट्यगीतांचे तुकडे भरले आणि कौतुकानं एक हेडफोन अण्णांच्या कानाला लावला.

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातपूरला निघताना व्हायझर जागेवर नव्हतं.

अण्णा गंगापूर रोडनं सोमेश्वरच्या दिशेला फिरायला गेले होते, अभंगांसकट. आणि अभंगांबरोबर माझे सगळे फोन नंबर, कोटेशनच्या तारखा आणि सोळा साहेबही फिरायला गेले होते. वहीच्या दोन्ही पानांवर हा मुद्दा कुठेच नव्हता. नऊच्या सुमाराला ते परतले, जरा नाराज. ‘ऐन रंगात येतंय, आणि मधेच हे टीटी करतं. अंबडला कुणाचं तरी पेमेंट अडकलंय म्हणे.’

‘अण्णा, ते माझं आहे.’

‘मग आण की जाऊन.’

पुढे हा नेमच झाला. मॉड्यूल काढून देऊन भागत नव्हतं, व्हायझरच्या कडेवर बसल्याशिवाय ते गात नव्हतं. माझ्या भेटी सकाळी दहाच्या पुढे सरकल्या. गिऱ्हाइकांना वाटलं, माझी बढती झाली.

त्यातच अण्णांना ती लिहायची काडी सापडली. व्हायझरवर लिहायला ग्रॅफिटी नावाची खास बाराखडी लागते. रोमन अक्षरं, पण जरा मोडून काढायची, ‘ए’ काढताना आडवी दांडी द्यायचीच नाही वगैरे. मला ती महिनोन्महिने नीट जमली नव्हती, माझ्या ‘पाटील’चं यंत्र हटकून भलतंच काही करायचं. अण्णांनी नोटेवरची नक्षी भिंगाखाली तपासण्यात हयात घालवलेली. त्यांनी सोमेश्वरच्या कट्ट्यावर बसून ती आठवड्यात घोटली. मला वाटलं, चला, म्हातारपणी काही छंद लागला.

डिसेंबरात ठाण्याला एका मोठ्या कंपनीत बसलो होतो. समोर परचेसचे तीन साहेब. वर्षभराची ऑर्डर, भाव एका टक्क्यावर अडलेला. मी व्हायझर ऐटीत टेबलावर ठेवलेलं, त्याचा त्या काळी दबदबा पडायचा. तेवढ्यात गजर कोकलला. मधल्या साहेबांनी कुतूहलानं मान पुढे करून पडदा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. रोमन अक्षरांत, एकही वळण न चुकता लिहिलं होतं: ‘दळण टाकणे. गहू जाड नको. गिरणी सहाला बंद.’

‘तुम्हाला निघायचं असेल,’ साहेब म्हणाले, आणि त्यांनी तो एक टक्का सोडला.