टक्के धरणाचे, सेंटिमीटर बदकांचे

पावसाळा ओसरला की महाराष्ट्रात पाण्याची चर्चा टक्क्यांत सुरू होते. जायकवाडी किती भरलं, उजनी किती भरलं, नाशिक-नगरच्या धरणांतून मराठवाड्यासाठी किती टीएमसी सोडायचं. नेमके तेच दिवस सायबेरिया आणि मध्य आशियातून निघालेली बदकं या पाण्यावर उतरण्याचे. पण बदकांना टक्क्यांचा उपयोग नाही. धरण काठोकाठ भरलेलं असताना चक्रांग बदकाची चोच तळापर्यंत पोचतच नाही, आणि निम्म्यावर आलेल्या तलावाच्या काठावर तेच चक्रांग शेकड्यांनी चरताना दिसतात. प्रश्न काठाशी पाणी किती सेंटिमीटर आहे याचा असतो.

इंग्लंडमध्ये राहून मराठी वर्तमानपत्रांतले पाणथळींचे वाद वाचले की हे फार जाणवतं. आपल्याकडे भांडण नावावरून चालतं. ही जागा कायद्याने पाणथळ आहे की नाही, रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला की नाही. 2017च्या पाणथळ नियमांत नदीपात्रं आणि भातखाचरं वगळली आहेत. पिण्याचं पाणी, सिंचन, मीठ, मत्स्यपालन यांसाठी बांधलेले साठेही वगळले आहेत. महाराष्ट्राच्या पठारावर नैसर्गिक तलाव जवळजवळ नाहीतच, बदकं राहतात ती बहुतेक सिंचनाच्या पाण्यावर. म्हणजे जिथे पक्षी आहेत, नेमक्या त्याच जागा व्याख्येबाहेर. दुसरीकडे राज्याचं पहिलं रामसर स्थळ झालं ते नांदूर मध्यमेश्वर, आणि ते गोदावरी-कादवेच्या संगमाजवळचा कालव्यांसाठी बांधलेला बंधाराच आहे. 1971च्या रामसर करारात मानवनिर्मित पाणथळी पहिल्यापासून धरलेल्या आहेत. आपला नियम त्या कराराहून अरुंद आहे. तो बदलायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण नियम उद्या बदलला तरी बदकांचं पोट त्याने भरणार नाही. ते भरतं काठाच्या उतारावर. चक्रांग साधारण वीतभर पाण्यात चिखल गाळून बी आणि अळ्या खातो. थापट्या आपली रुंद चोच पाण्याच्या पृष्ठभागावर फिरवत सूक्ष्म जीव गाळतो. तलवार बदक शेपटी वर करून उलटं होतं आणि लांब मानेमुळे हातभर खोलीपर्यंत पोचतं. शेंडी बदक आणि मोठी लालसरी बुडी मारतात, त्यांना मीटर-दोन मीटर पाणी चालतं. आपल्याकडच्या हिवाळी थव्यांत मोठा वाटा उथळ पाण्यात चरणाऱ्यांचा असतो.

हिशेब साधा आहे. दोन किलोमीटर परिघाचा तलाव घ्या. काठाचा उतार 1:20 असेल, म्हणजे वीस मीटर आत गेल्यावर एक मीटर खोली, तर 30 सेंटिमीटरपर्यंतच्या पाण्याचा पट्टा सहा मीटर रुंद होतो. सगळा मिळून 12,000 चौरस मीटर, जवळपास तीन एकर. तोच काठ पोकलेनने 1:2 उताराचा कापला की पट्टा 60 सेंटिमीटरचा उरतो, म्हणजे बारा गुंठे. काठाला उभी भिंत बांधली की काहीच उरत नाही. पाणीसाठा तिन्ही वेळा तितकाच असू शकतो आणि टक्केवारीत हा फरक कधीच दिसत नाही.

आता या काठाकडे जरा जवळून बघा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे निव्वळ बाष्पीभवनाने पाणी रोज चार-पाच मिलिमीटर उतरतं. 1:20च्या काठावर पाच मिलिमीटर म्हणजे दहा सेंटिमीटर नवा चिखल, तळहाताच्या रुंदीएवढा. रोज सकाळी पक्ष्यांपुढे तळहातभर ताजं ताट येतं: ओला गाळ, त्यात रक्तासारख्या लाल अळ्या, मागच्या मोसमातलं गवताचं आणि लव्हाळ्याचं बी. पाण्याची रेघ मागे सरते तशी बदकं तिच्यामागे सरकतात, त्यांच्यामागे तुतवारसारखे चिखलात चरणारे छोटे पक्षी, त्यांच्याही मागे गाळपेर करणारे, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी करणारे शेतकरी. दोन-अडीच महिने पुरणारं हे जेवण आहे, मात्र पाणी हळूहळू उतरलं तरच. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाण्याची पाळी, सुटून दोन दिवसांत 30 सेंटिमीटर पाणी गेलं की सहा मीटरचा पट्टा एकदम उघडा पडतो, पक्षी पोचायच्या आत वरचा थर वाळतो, अळ्या मरतात किंवा खोल जातात. मग पुढच्या आवर्तनापर्यंत काठावर काही नाही. वरच्या धरणांतून पाणी आलं आणि बंधारा अचानक भरला तर उलटं होतं, सगळं ताट पाण्याखाली. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी एका आठवड्यात भरपूर आणि पुढच्या आठवड्यात गायब का होतात, याचं एक मोठं कारण इथे आहे.

इंग्लंडमध्ये शिकण्यासारखं आहे ते याच बाबतीत. केंब्रिजशर आणि नॉरफकमधल्या ऊझ वॉशेसचं उदाहरण घ्या. सतराव्या शतकात दलदल कोरडी करण्यासाठी दोन समांतर कालवे खणले, आणि पुराचं पाणी साठवायला मधली सुमारे 30 किलोमीटर लांब, किलोमीटरभर रुंद पट्टी मोकळी ठेवली. ही निखळ पाटबंधाऱ्याची रचना आहे. तरी 1976पासून ती रामसर स्थळ आहे आणि हिवाळ्यात तिच्यावर हंस आणि विजन बदकं हजारोंनी असतात. बांधकाम माणसाचं म्हणून ती पाणथळ नाही, असा वाद तिथे कोणी घालत नाही. वाद होतो तो पाण्याच्या पातळीवर. 1990च्या दशकापासून अशा जागांसाठी पातळीची लेखी योजना करायची पद्धत आहे: कोणत्या महिन्यात कोणत्या चरात पाणी कुठवर, दरवाजा कोण हलवणार, शेतकऱ्याच्या रानात पाणी शिरलं तर काय. दरवाजाही फार अवघड नसतो. खाचांमध्ये एकावर एक सरकवलेल्या फळ्या, एक फळी काढली की दहा-पंधरा सेंटिमीटर पातळी खाली. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर बर्गे घालणाऱ्या माणसाला त्यात शिकवण्यासारखं काही नाही. आपल्याकडे यंत्र आहे, हात आहेत, फक्त बर्गे काढण्याचा क्रम पक्ष्यांचा विचार करून कोणी लिहिलेला नाही.

मात्र इंग्लंडचं सगळंच उचलण्यासारखं नाही, हेही ठासून सांगायला हवं. याच प्रदेशात व्हिट्लसी मीर नावाचा मोठा उथळ तलाव होता. 1851 साली तो पंप लावून उपसला आणि तळाची पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, जमीन शेताला दिली. जमीन किती खचते हे बघायला शेजारच्या होम फेनमध्ये खालच्या चिकणमातीपर्यंत एक लोखंडी खांब रोवला, त्याचं डोकं जमिनीच्या पातळीला ठेवून. आज ते डोकं जमिनीच्या सुमारे चार मीटर वर आहे. पाणी काढलं की पीट आकसतं, कुजतं, वाऱ्याने उडतं. मग पुन्हा पंप खोल, पुन्हा जमीन खाली. आता त्याच भागात पैसे खर्चून पाणी परत आणलं जात आहे. ऊझ वॉशेसवरही नदीच्या मुखाशी गाळ साचल्यामुळे पाणी वेळेत निघत नाही, वसंतातल्या पुरात काळ्या शेपटीच्या मालगुजा या लांब चोचीच्या पक्ष्याची घरटी बुडतात, म्हणून शेजारी वेगळी कुरणं तयार करावी लागली. लेखी योजना आहे म्हणून निसर्ग ती पाळतोच असं नाही.

आपल्याकडे एक मुद्दा हल्ली वारंवार मांडला जातो की तिकडे शिकारीच पाणथळी राखतात. अर्धं खरं आहे. ब्रिटनमधल्या बदक-शिकाऱ्यांची संघटना 1908पासून आहे. आतल्या भागातला हंगाम 1 सप्टेंबर ते 31 जानेवारी असतो, आणि लांबलेल्या कडाक्याच्या थंडीत सरकार शिकार थांबवू शकतं. पण त्याच शिकारीतल्या शिशाच्या छऱ्यांनी शतकभर चिखल विषारी केला. दाणे दळायला खडे गिळतात तसे बदकं हे छरे गिळतात. इंग्लंडने पाणथळींवर शिशाचे छरे 1999मध्ये बंद केले, पाळणूक मात्र कित्येक वर्षं कच्ची राहिली. आपण वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 1991च्या दुरुस्तीने शिकारीचा मार्गच बंद केला. तो पुन्हा उघडण्याची काही गरज नाही.

खरा धोका घरचाच आहे आणि त्याला आपण विकास म्हणतो. 2017पासूनची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना घ्या. गाळ शेतात गेला तर जमीन सुधारते, साठा वाढतो, त्याला माझा अजिबात विरोध नाही. पण गाळ उचलणारा पोकलेन काठापासून सुरुवात करतो, कारण तिथे ट्रॅक्टर सहज पोचतो. म्हणजे सगळ्यात सुपीक, सगळ्यात उथळ, बी भरलेला पट्टाच आधी जातो आणि बशीसारखा तलाव पेल्यासारखा होतो. करायचं उलटं: काठाचा निदान 20-30 मीटरचा पट्टा सोडायचा, खोदाई मध्यात करायची, ट्रॅक्टरला एकाच ठिकाणी रस्ता द्यायचा, एका वर्षी निम्माच तलाव घ्यायचा. काम एप्रिल-मे महिन्यांत, हिवाळी पाहुणे गेल्यावर आणि पावसाआधी. जिथे काठ कापावाच लागतो तिथे उतार 1:10 तरी ठेवायचा आणि वरचा वीतभर गाळ बाजूला ठेवून शेवटी परत पसरायचा, कारण पुढच्या वर्षीचं बी त्यातच असतं.

सुशोभीकरणाचं दुखणं वेगळं. दगडी पिचिंग, फिरायचा ट्रॅक, दिवे आणि काठाने ओळीत लावलेली झाडं. झाडं लावणं पुण्याचं काम म्हणून कोणी हरकत घेत नाही. पण पट्टेरी हंसाला आणि चक्रवाकाला लांबवर नजर जाईल असा उघडा काठ लागतो. उंच झाडांवर कावळे आणि शिकारी पक्षी बसतात, त्यांच्या टप्प्यात हंस उतरत नाहीत. इंग्लंडमध्ये ओल्या कुरणांवरची विलोची झाडं याच कारणाने मुद्दाम तोडतात. बेटांचंही तसंच. अडई आणि हळदी-कुंकू बदकाच्या विणीसाठी म्हणून मातीचं बेट करतात, पण भोवती खोल चर ठेवत नाहीत. पाणी थोडं उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री चालत जाऊन अंडी खातात.

जायकवाडीवरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाचा वाद 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथेही चर्चा झाली ती प्रकल्प हवा की नको एवढीच. मला विचाराल तर पहिला प्रश्न असायला हवा होता की उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर पॅनेलं कुठे टेकणार, आणि केबल, रस्ते, रोहित्रं गाळपेराच्या काठावर येणार का. मधल्या खोल पाण्यातली पॅनेलं बुडी मारणाऱ्या बदकांना त्रास देतील. काठावरचा रस्ता सगळ्यांनाच देईल.

पातळी वर-खाली होत राहिली की काय होऊ शकतं हे राजस्थानात सांभर तलावावर 2019च्या नोव्हेंबरात दिसलं. तिथे बॉट्युलिझमने हजारो पक्षी मेले. या रोगाचे जिवाणू चिखलात असतातच. उबदार, प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात एखादा पक्षी कुजला की ते विष तयार करतात. ते विष मेलेल्या पक्ष्यावरच्या अळ्यांत साठतं, अळ्यांना काही होत नाही, पण मूठभरही नाही, थोड्याच अळ्या खाल्ल्या की बदकाची मान लुळी पडते आणि ते बुडून मरतं. मग त्याच्यावर नव्या अळ्या. उपाय एकच आहे आणि तो कष्टाचा आहे: मेलेला पक्षी दिसल्या दिवशीच उचलायचा आणि जाळायचा किंवा खोल पुरायचा. आणि उन्हात तापलेल्या उघड्या चिखलावर अचानक पाणी चढवायचं नाही.

गणनेबद्दल थोडंसं. आशियाई पाणपक्षी गणना 1987पासून जानेवारीत होते आणि आपल्याकडे तिच्यात मनापासून राबणारे लोक आहेत. पण वर्षातल्या एका मोजणीवरून पक्षी कमी का झाले ते कळत नाही. ब्रिटनमध्ये 1947पासून स्वयंसेवक हिवाळाभर दर महिन्याला, ठरलेल्या तारखेच्या आसपास मोजतात. आपण तर त्याच्या पुढे जाऊ शकतो, कारण आपल्या मोठ्या धरणांवर पातळीची रोजची नोंद होतेच. काठावर चार ठिकाणी सेंटिमीटरच्या खुणा केलेले खांब रोवायचे आणि ऑक्टोबर ते मार्च दर पंधरवड्याला पक्ष्यांच्या आकड्याशेजारी त्या खांबांवरचं पाणी लिहायचं. दोन हंगामांत दिसेल की कोणत्या आवर्तनाने किती पक्षी उठवले, आणि तेच पाणी दोन दिवसांऐवजी आठ दिवसांत सोडता आलं असतं का. कालवा समितीच्या बैठकीत हा कागद पुढे ठेवायला रामसरचा दर्जा लागत नाही.