पेलेच्या नावापुढचे शून्य

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात सोयाबीन निघाले की रिकाम्या वावरात फुटबॉल सुरू होतो आणि खेळ आटोपल्यावर धुऱ्यावर बसून सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण हा वाद सुरू होतो. यंदा व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरणाऱ्या एका संदेशाने हा वाद कायमचा मिटवल्याचा दावा केला आहे. त्याचे म्हणणे असे : मेस्सीला आठ बॅलन डी’ओर (वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार), पेलेला शून्य, पेले युरोपात कधी खेळला नाही, त्याचे हजार गोल म्हणजे मैत्रीपूर्ण सामन्यांची भरती, त्या काळी गोल करणे सोपे होते, आणि मेस्सीच्या अर्जेंटिनाने जिंकलेल्या २०२२ च्या विश्वचषकानंतर बोलण्यासारखे काही उरलेले नाही. माझ्याकडे फुटबॉल शिकणाऱ्या एका मुलाने तो संदेश मला दाखवला आणि विचारले, ‘‘सर, आता सांगा, पेलेले किती भेटले?’’ मेस्सीचे मोठेपण मला पूर्ण मान्य आहे. परंतु त्यासाठी पेलेला ज्या मापाने मोजले आहे ते माप खोटे आहे, आणि मुलांनी ते खरे मानावे हे मला सहन होत नाही.

सर्वांत जोरदार वाटणारा पहिला मुद्दाच सर्वांत पोकळ आहे. बॅलन डी’ओर हा पुरस्कार ‘फ्रान्स फुटबॉल’ या नियतकालिकाने १९५६ मध्ये सुरू केला आणि १९९४ पर्यंत तो केवळ युरोपीय खेळाडूंनाच दिला जात असे. मॅराडोना इटलीत नापोलीकडून खेळत होता, १९८७ आणि १९९० मध्ये त्याने त्या क्लबला इटलीचे विजेतेपद मिळवून दिले, तरीही तो अर्जेंटिनाचा असल्यामुळे त्याचे नाव विचारातच घेतले गेले नाही. मग १९७७ मध्ये निवृत्त झालेल्या ब्राझीलच्या पेलेला तो कुठून मिळणार? ज्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसूच दिले नाही त्याच्या नावापुढे शून्य लिहून त्याला नापास ठरवावे, असा हा प्रकार आहे. याच नियतकालिकाने पुरस्काराच्या साठीनिमित्त जुनी अट बाजूला ठेवून पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा पेलेच्या वाट्याला सात आणि मॅराडोनाच्या वाट्याला दोन पुरस्कार आले असते, असे त्यांनीच जाहीर केले. संदेश लिहिणाऱ्याने एवढे शोधायला हवे होते.

युरोपात न खेळण्याचा मुद्दा आजचा काळ मागे ढकलून केलेला आहे. १९७० चा विश्वचषक जिंकणाऱ्या ब्राझीलच्या संघातील प्रत्येक खेळाडू ब्राझीलमधल्याच क्लबचा होता. तेव्हा उत्तम खेळाडू मायदेशीच राहत, त्यामुळे तिथली स्पर्धाही कस पाहणारी होती. शिवाय १९६२ मध्ये युरोपचा विजेता पोर्तुगीज क्लब बेन्फिका आणि पेलेचा ब्राझीलमधला क्लब सांतोस समोरासमोर आले, तेव्हा लिस्बनमध्ये, बेन्फिकाच्याच मैदानावर, सांतोसने ५-२ असा विजय मिळवला आणि त्यातले तीन गोल पेलेचे होते.

गोलांच्या बाबतीत संदेशाचे अर्धे म्हणणे खरे आहे. पेलेच्या १२८३ गोलांत मैत्रीपूर्ण सामने आहेत, लष्कराच्या संघाकडून खेळलेले सामनेही आहेत, आणि हा आकडा मिरवणाऱ्या पेलेभक्तांशी माझे मतभेद आहेत. तो बाजूला ठेवू आणि केवळ देशासाठी केलेले गोल पाहू : पेलेचे ९२ सामन्यांत ७७, आणि २०२२ च्या अंतिम सामन्याअखेर मेस्सीचे १७२ सामन्यांत ९८. म्हणजे पेलेचे सहा सामन्यांमागे पाच आणि मेस्सीचे सात सामन्यांमागे चार.

गोल करणे तेव्हा सोपे होते, हे विधान मला सर्वांत अधिक खटकते. पिवळे आणि लाल कार्ड विश्वचषकात प्रथम आले ते १९७० मध्ये, आणि बदली खेळाडू उतरवण्याची मुभाही तेव्हापासूनचीच. १९६६ मध्ये पोर्तुगालविरुद्ध पेलेला इतके तुडवले गेले की उरलेला सामना तो लंगडत खेळला, कारण त्याच्या जागी दुसऱ्याला उतरवता येत नव्हते. चेंडूचेही तसेच. माझ्या लहानपणी शाळेत चामड्याचा चेंडू होता, आत रबरी ब्लॅडर आणि तोंडाशी ओवलेली वादी. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत तो पाणी पिऊन असा जड व्हायचा की डोक्याने मारणाऱ्याच्या कपाळावर वादीचा वळ उठायचा, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला जवसाचे तेल चोळून उन्हात ठेवायचो. पेलेचा चेंडू घडणीने कितीतरी चांगला असला तरी चामड्याचाच होता. तसल्या चेंडूने, १९५८ च्या अंतिम सामन्यात, सतरा वर्षांच्या मुलाने पास छातीवर घेतला, बचावपटूच्या डोक्यावरून उचलला आणि जमिनीला लागण्यापूर्वीच जाळ्यात मारला.

राहिला विश्वचषक. वयाच्या ३५ व्या वर्षी सात गोल आणि अंतिम सामन्यात दोन, हे मेस्सीचे कर्तृत्व थोरच आहे. पण एका विश्वचषकाने वाद मिटत असेल तर पेलेच्या तीन विश्वचषकांचे काय करायचे? त्यांतला १९६२ चा मी स्वतःच वगळतो, कारण पेले दुसऱ्याच सामन्यात जायबंदी झाला आणि तो चषक प्रामुख्याने त्याचा सहकारी गारिंचा याचा होता. तरी १९५८ आणि १९७० उरतात, आणि १९७० मुळेच माझे मत पेलेच्या बाजूने पडते. इटलीविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिला गोल त्याने डोक्याने केला होता. शेवटी चेंडू पुन्हा त्याच्या पायाशी आला, तेव्हा स्वतः गोलाकडे न धावता तो क्षणभर थांबला आणि उजवीकडच्या मोकळ्या जागेत त्याने चेंडू अलगद सोडला, जिथे मागून धावत येणारा त्याचा सहकारी कार्लोस अल्बर्टो अजून पोचलाही नव्हता.