पाचव्या आठवड्यात एक तारा देणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय मी, तुमची सर्जन, नीट वाचला. पोटाची सैल कातडी काढण्याचं ऑपरेशन, म्हणजे टमी टक, होऊन पाच आठवडे झाले तरी संध्याकाळी पोट फुगतं. वजन दोनच किलो उतरलं. दोनदा सुईनं पाणी काढावं लागलं, त्याअर्थी आत काहीतरी बिघडलं आहे. मिश्रीपायी ऑपरेशनची तारीख महिनाभर पुढे गेली. विमा कंपनीने दावा नाकारला, वर बिलात जीएसटी लागला. रात्री फोन केला तर सिस्टर बोलल्या, डॉक्टर नाही. आणि पुण्यात एका ठिकाणी हेच काम निम्म्या पैशांत त्याच आठवड्यात होत होतं. एवढं तुम्ही लिहिलं आहे.

तुम्ही इथे स्वतः जे मांडलंत तेवढ्यावरच मी बोलणार आहे. तुमच्या फाइलमधली एकही ओळ इथे येणार नाही. कुणी कितीही कडक लिहिलं तरी पेशंटची माहिती चव्हाट्यावर आणायची नाही, हा आमचा नियम आहे. तरीही जाहीर उत्तर देते आहे, कारण मिरजेत आमच्याकडे जतहून, अथणीहून, चिकोडीहून येणाऱ्या बायकांच्या मनात नेमके हेच प्रश्न असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणी येण्याआधी हे अभिप्राय वाचतात.

मिश्रीपासून सुरुवात करते, कारण तुमचा सगळ्यात जास्त राग त्यावर दिसतो. आपल्या भागात कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. तंबाखूचं व्यसन आहे का असं विचारलं की त्या मनापासून ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. म्हणून आम्ही मिश्री, तपकीर, गुटखा, विडी अशी एकेक नावं घेऊन विचारतो, आणि विचारताना नातेवाइकांना बाहेर बसवतो. तारीख कशामुळे पुढे गेली हे आम्ही घरी कुणाला कळवत नाही. ते सांगायचं की नाही, हे त्या बाईने ठरवायचं.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून सरळ रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आवळतं. एरवी शरीर ते सोसतं. टमी टकमध्ये मात्र आम्ही बेंबीखालची सैल कातडी चरबीसकट काढतो, वरची कातडी थेट फासळ्यांपर्यंत सोडवतो आणि ओढून खाली शिवतो. सोडवलेल्या त्या कातडीला खालून येणारं रक्त बंद झालेलं असतं, ती कडेच्या थोड्या रक्तवाहिन्यांवर जगते. टाक्यांच्या मधोमध, ओटीपोटावर, रक्त सगळ्यात कमी पोचतं. तिथल्या रक्तवाहिन्या निकोटिनने आवळल्या तर कातडी आधी जांभळी पडते, मग काळी. पुढे महिनोन्‌महिने ड्रेसिंग, कधी पुन्हा ऑपरेशन, आणि जन्मभराचा रुंद व्रण. म्हणून आधी किमान चार आठवडे आणि नंतरही किमान चार आठवडे तंबाखू कुठल्याही रूपात नको, निकोटिनचा च्युइंगगमसुद्धा नको. हे कुणाची शिस्त तपासायला नाही. सुंदर दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनमध्ये कुणाच्या पोटाची कातडी सडावी, हे मला सहन होणार नाही. तारखेच्या बाबतीत मी यापुढेही अशीच हट्टी राहणार.

थांबायला सांगण्याची कारणं आणखीही असतात. हिमोग्लोबिन हे त्यातलं मोठं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. ज्या ऑपरेशनची घाई नाही, ते रक्त कमी असताना करून वर बाटली चढवायची, याला अर्थ नाही. आधी लोहाच्या गोळ्या घेऊन रक्त वाढवता येतं. वजन निदान सहा महिने स्थिर असावं. पुढे मूल हवं असेल तर हे ऑपरेशन बाळंतपणानंतर करावं, कारण गरोदरपणात पोट पुन्हा ताणलं जातं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, वैद्यांची चूर्णं, व्हिटॅमिन ई, यातलं काय चालू आहे ते सगळं सांगावं. गोळ्यांची पिशवीच सोबत आणलेली बरी. आणि स्वतःच्या मनाने मात्र काहीही बंद करू नये. हृदयाची गोळी परस्पर थांबवणं ऑपरेशनपेक्षा घातक ठरू शकतं. अलीकडे वजन उतरवायची इंजेक्शनं घेणाऱ्याही बऱ्याच जणी भेटतात. त्या इंजेक्शनांमुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकतं आणि भूल देताना ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. हे भूलतज्ज्ञांना आधी कळायलाच हवं.

आता पोटाकडे येते. पाचव्या आठवड्यात संध्याकाळी पोट फुगणं, कडक लागणं, सकाळी थोडं हलकं वाटणं, हे या ऑपरेशननंतर नेहमी दिसतं. कातडी सोडवताना चरबीबरोबर पाणी वाहून नेणाऱ्या बारीक लसीकावाहिन्याही तुटतात. त्या पुन्हा जुळेपर्यंत दिवसभराच्या उभं राहण्याने पाणी खाली साचतं. बरीचशी सूज सहा ते आठ आठवड्यांत उतरते, उरलेली सावकाश. पोटाचा खरा आकार सहा महिन्यांच्या आसपास दिसतो. व्रण पहिले काही महिने लाल आणि उठलेला असतो, तो फिका आणि सपाट व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. आत्ता आरशात दिसतं ते पोट अर्धवट बरं झालेलं आहे. तेवढ्यावरून निकालाचा निवाडा करू नका, ही विनंती.

सुईनं काढलेल्या पाण्याला सिरोमा म्हणतात. कातडी आणि खालचा स्नायू एकमेकांना चिकटेपर्यंत मधल्या पोकळीत पिवळसर पाणी जमतं. टमी टकनंतर सगळ्यात जास्त दिसणारी गुंतागुंत हीच आहे. पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या ठेवूनही आणि पोटाला पट्टा बांधूनही काहींना ती होते. ओपीडीतच सुईनं पाणी काढतात, आणि तिथली कातडी बधिर असल्याने फारसं दुखत नाही. एकापेक्षा जास्त वेळा काढावं लागलं म्हणून ऑपरेशन फसलं असं होत नाही. पाणी तसंच राहू दिलं तर मात्र त्यात जंतू वाढू शकतात किंवा त्याभोवती जाड आवरण तयार होतं. म्हणजे दोनदा सुई लागली, याचा अर्थ दोनदा वेळेवर लक्ष दिलं गेलं.

त्या बधिरपणाबद्दल सगळ्यांनाच कळकळीने सांगायचं आहे. बेंबीखालच्या कातडीची संवेदना काही महिने नसते, काहींना थोडा भाग कायमचा बधिर राहतो. आपल्याकडे पोटावर टाके पडले की घरातली मोठी माणसं बाळंतिणीसारखा शेक द्यायला बघतात. प्रेमापोटीच करतात. पण बधिर कातडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर चटका बसलेला कळतच नाही, फोड दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. शेक नको, शेगडी नको, गरम तेलाने चोळणंही नको. डिंकाच्या लाडवांपेक्षा डाळ, उसळी, ताक, चालत असतील तर अंडी खा. श्रावण असो की नवरात्र, टाके भरेपर्यंत कडक उपवास करू नका, जखम भरायला प्रथिनं लागतात. पापड-लोणच्यातल्या मिठाने सूज वाढते. पट्टा दिवसरात्र, फक्त आंघोळीपुरता काढायचा, सहा आठवड्यांपर्यंत. पाण्याने भरलेली कळशी, नातवंडं, गॅसची टाकी, यातलं काही सहा आठवडे उचलायचं नाही, कारण गरोदरपणात दोन बाजूंना सरकलेले पोटाचे स्नायू आतून शिवलेले असतात.

वजनाचं थोडक्यात सांगते. टमी टक किंवा लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) हा वजन कमी करण्याचा इलाज नाही. निघालेल्या कातडी-चरबीचं वजन फार नसतं, आणि पहिल्या आठवड्यांत सुजेमुळे काटा कधी वरही जातो. फरक परकराच्या नाडीला कळतो. पुढे वजन वाढलं तर उरलेली चरबी पुन्हा फुगते, तेव्हा चालणं आणि जेवण सांभाळणं कायमचं.

विम्याचं म्हणाल, तर केवळ दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत येते, म्हणजे तिचे पैसे विम्यातून मिळत नाहीत. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना मात्र या अपवादांत धरत नाहीत. जीएसटीही तसाच: उपचारांना माफ, पण सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के. ही रक्कम सरकारजमा होते. आमच्या खर्चाच्या अंदाजपत्रकात ती वेगळ्या ओळीत लिहिलेली असते, म्हणून कुठेही ऑपरेशन करायचं ठरलं तर लेखी अंदाजपत्रक आधी मागून घ्या.

निम्म्या पैशांच्या ठिकाणाबद्दल मी काही बोलणार नाही, ते मी पाहिलेलं नाही. पण अशा जागी पैशांपेक्षा पुढचं विचारा. ऑपरेशन प्रत्यक्ष कोण करणार, आणि त्यांच्याकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीआरएनबी पदवी आहे का? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ थिएटरमध्ये थांबणार का? रात्री त्रास झाला तर अतिदक्षता विभाग कुठे? टाके काढेपर्यंत कोण बघणार? राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये केसरोपण आणि सौंदर्य शस्त्रक्रियांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात यूट्यूब बघून किंवा कार्यशाळेला हजेरी लावून ही कामं शिकता येत नाहीत असं म्हणावं लागलं, इतकी वेळ आली आहे. आणि पहिल्या भेटीतच त्याच आठवड्याची तारीख मिळाली, तर तपासण्या कधी होणार आणि विचार करायला सवड कधी मिळणार, हेही विचारा. आमच्याकडे पहिल्या भेटीत तारीख देत नाही. संमतीपत्र मराठीत आणि कन्नडमध्ये असतं, ते घरी वाचायला देतो. त्यात सिरोमा, बधिरपणा, कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा व्रण, रक्ताची गुठळी, हे सगळं लिहिलेलं असतं.

रात्रीच्या फोनचं. रात्री पहिला फोन सिस्टर घेतात, आणि त्या वर्षानुवर्षं हेच पेशंट सांभाळत आल्या आहेत. संध्याकाळची सूज, टाक्यांची खाज, पट्टा घट्ट वाटणं, याची उत्तरं त्या देतात. पण काही तक्रारी अशा आहेत की त्या ऐकताच मला उठवायचं, वेळ कुठलीही असो: एका पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं किंवा छातीत दुखणं, थंडी वाजून ताप, टाक्यांभोवती पसरत जाणारी लाली, वास येणारं पाणी, कातडी काळसर पडणं, पोटाची एकच बाजू अचानक टणक होणं. पोटरी आणि धाप या दोन्हींमागे पायातली रक्ताची गुठळी असू शकते, ती फुप्फुसात गेली तर जीव जातो. म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळीच वाकून का होईना चालायला लावतो, आणि लांबच्या पेशंटना पहिले काही दिवस मिरजेतच राहायला सांगतो. एसटीत तीन तास पाय दुमडून बसणं त्या आठवड्यात नको. धाप लागली असेल तर आमच्या फोनचीही वाट बघू नका, १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा.

ताई, दुसऱ्या सर्जनचं मत घ्यावंसं वाटत असेल तर जरूर घ्या. कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत असा नियम आहे. तुम्ही लेखी अर्ज द्या, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, आधीचे फोटो, सगळ्याच्या प्रती तयार करून देतो. आणि माझ्याकडे यायचं असेल तर मंगळवारी किंवा शुक्रवारी दुपारी चारनंतर या, त्या वेळी गर्दी कमी असते आणि निवांत बोलता येतं. नव्याने पाणी साचलं आहे का ते सोनोग्राफीत बघू. येताना पट्टा बांधून या, म्हणजे तो बरोबर जागी बसतो का तेही तपासता येईल, आणि दुसरीकडे काही तपासणी झाली असेल तर तिचे रिपोर्ट सोबत ठेवा.