डी पाल्मा : ‘हरलेल्याची आरती’ या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या काळचा मोटारशर्यतींचा चालक राल्फ डी पाल्मा याच्यावरचा माझा लेख म्हणजे हरलेल्याची आरती आहे, त्याच्या अडीच हजार विजयांचा आकडा थाप आहे, गाडी मोडली तर दोष चालवणाऱ्याचाच, आणि मी त्याला उगाच संत करून ठेवलंय.

आकड्याबाबत चूक माझी. वर्षानुवर्षं छापला जातो म्हणून मीही छापला. आधार देता येत नाही, काढून टाकलाय.

आता १९१२ची इंडियानापोलिस, म्हणजे अमेरिकेतली ५०० मैलांची शर्यत. २०० पैकी १९६ फेऱ्या हा गडी पुढे. पाच फेऱ्यांहून जास्त आघाडी असताना त्याच्या मर्सिडीजचा कनेक्टिंग रॉड (इंजिनातला पिस्टनला जोडलेला दांडा) तुटला. शेवटी त्याने आणि त्याचा मेकॅनिक रूपर्ट जेफकिन्स याने गाडी ढकलत आणली. शर्यत जिंकली जो डॉसन या चालकाने, तीही अख्ख्या शर्यतीत फक्त शेवटच्या दोन फेऱ्या पुढे राहून! डी पाल्मा १९८ फेऱ्या करूनही अकरावा कसा, असं तुम्ही विचारलंत. कारण ५०० मैल पुरे करणारे आधी धरले गेले. दहावा आलेला राल्फ मलफर्ड जवळजवळ नऊ तास रेंगाळत होता. मध्ये थांबून त्याने तळलेलं चिकन खाल्लं म्हणतात.

‘एवढी आघाडी होती तर गाडी जपायची’ हे मात्र झोंबलं, कारण पटण्यासारखं आहे. पण १९१५मध्ये, तिथेच, दुसऱ्या मर्सिडीजचा रॉड असाच शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत गेला. लंगडत्या इंजिनावर त्याने शर्यत जिंकली. आता १९१२ला तो बेफिकीर आणि १९१५ला निष्णात, असं कसं म्हणायचं? लोखंड कुठे तुटेल, हे त्या काळी लोखंडालाच ठाऊक.

आणि संत? छे! १९१४ची व्हँडरबिल्ट कप शर्यत, सँटा मोनिका. बार्नी ओल्डफील्ड या दुसऱ्या चालकाला मर्सर गाड्यांच्या संघात घेतलं म्हणून डी पाल्मा तिथून रागाने बाहेर पडलेला, आणि आता जुन्या मर्सिडीजमध्ये. ओल्डफील्डची मर्सर जास्त वेगवान, पण टायर झिजलेले. डी पाल्माने आपल्या पिटला (टायर-इंधनासाठी थांबायच्या जागेतल्या माणसांना) मुद्दाम दिसेल अशी खूण केली, पुढच्या फेरीला थांबतोय. ते बघून ओल्डफील्ड निर्धास्तपणे टायर बदलायला आत शिरला. डी पाल्मा थांबलाच नाही.

हा किस्सा लेखात नव्हता. आज घालतोय.