झग्यातला योद्धा कच्चा नाही, त्याचं गणित चुकीचं मांडलं जातं

स्कायरिम हा व्हिडिओ गेम ११ नोव्हेंबर २०११ ला आला. इतक्या वर्षांनंतरही एखादा नवा खेळाडू म्हणतो, "मला चिलखत नको. झगा घालून एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात मंत्र घेऊन खेळायचंय," आणि त्याला तेच ठरलेलं उत्तर मिळतं. थोडक्यात ते असं: या गेममध्ये चिलखत घालून मंत्र म्हटले तरी काही तोटा होत नाही, मग कापड कशाला? चिलखत मार ८० टक्क्यांनी कमी करतं, झगा शून्याने. डिस्ट्रक्शन (मारक मंत्रांची शाखा) पुढे लुळं पडतं आणि मॅजिका (मंत्रांना लागणारी शक्ती) पुरत नाही. तलवार, मंत्र आणि बचाव तिन्हीकडे पर्क (पातळी वाढली की निवडायच्या खास क्षमता) वाटले की एक ना धड भाराभर चिंध्या. हौस म्हणून खेळायचं तर खेळा, बिल्ड (ठरवून घडवलेलं पात्र) म्हणून नको.

हा बिल्ड मी एकही मॉड (गेममध्ये बाहेरून केलेला फेरबदल) न लावता तीनदा पहिल्या पातळीपासून उभा केला आहे. या उत्तरातली काही वाक्यं खरी आहेत. पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही, आणि तो ऐकून लोक एका सुंदर खेळपद्धतीला हात लावायच्या आधीच सोडून देतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खरं काय आहे ते आधी मान्य करतो. चिलखताचा मंत्रांना तोटा नाही, हे बरोबर आहे. याच मालिकेतल्या आधीच्या मॉरोविंडमध्ये (२००२) बिनचिलखती लढण्याचं वेगळं कौशल्य होतं. ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) ते गेलं, पण चिलखत चढवलं की मंत्रांचा जोर घटायचा. स्कायरिमने दोन्ही काढून टाकलं, त्यामुळे झगेवाल्याला फुकटची कुठलीच सवलत उरली नाही. त्याला मिळतं ते ऑल्टरेशन या जादूशाखेच्या पर्कच्या झाडातून. गणित चुकतं ते तिथेच, कारण लोक पात्राच्या पडद्यावर उभ्या-उभ्या दिसणारा आर्मर रेटिंगचा आकडा वाचतात. झगेवाल्याचा बचाव अंगावर घातलेला नसतो, तो दर लढाईआधी म्हणायचा असतो.

आता आकडेच बघू. या शाखेतले बचावाचे मंत्र रेटिंग वाढवतात: ओकफ्लेश ४० देतो, स्टोनफ्लेश ६०, आयर्नफ्लेश ८० आणि एबनीफ्लेश १००. मेज आर्मर पर्कच्या तीन पायऱ्यांनी हे आकडे दुप्पट, अडीचपट आणि तिप्पट होतात. या पायऱ्या ऑल्टरेशन ३०, ५० आणि ७० ला मिळतात. रेटिंगच्या दर अंकामागे मार ०.१२ टक्के कमी होतो, म्हणजे तिप्पट एबनीफ्लेशचे ३०० झाले की ३६ टक्के. चिलखताच्या प्रत्येक नगाला गेम वर ३ टक्के न दाखवता देतो, तेही धरायला हवेत. पूर्ण वाढलेला चिलखतवाला ८० वर जातो. म्हणजे १०० चा घाव त्याला २० चा लागतो आणि मला ६४ चा. हा फरक तिपटीहून जास्त आहे, तो मी लपवणार नाही.

पण तो ८० वर कधी पोचतो? हेवी आर्मर वाढवून, त्यातल्या जगरनॉट पर्कच्या पाच पायऱ्या घेऊन, स्मिथिंगमध्ये (लोहारकामात) पर्क घालून आणि प्रत्येक नग घासून-ठोकून झाल्यावर. दुकानातलं साधं पोलादी चिलखत घ्या. छाती, शिरस्त्राण, हातमोजे, बूट मिळून मूळ बेरीज ७२ होते. लपलेले १२ टक्के धरूनही मार २० टक्क्यांच्या आसपास कमी होतो, पर्क आणि कौशल्य वाढेल तसा थोडा जास्त. ऑल्टरेशन ५० असलेला झगेवाला आयर्नफ्लेश अडीचपटीने म्हणतो तेव्हा त्याचे २०० होतात, म्हणजे २४ टक्के. खेळाच्या मधल्या मोठ्या टप्प्यात, जिथे बहुतेकांचा बहुतेक वेळ जातो, दोघं जवळपास बरोबरीने चालत असतात. आणि अगदी शेवटी ऑल्टरेशन १०० ला तोल्फदिर या जादू-शिक्षकाचं काम केलं की ड्रॅगनहाइड मंत्र मिळतो. त्याला दोन्ही हात लागतात, म्हणायला वेळ जातो, मॅजिका भरमसाट खातो, पण ३० सेकंद शारीरिक मार थेट ८० टक्के कमी होतो. कापडावर.

त्या उत्तरात एक गोष्ट कधीच येत नाही: चिलखताचे ते ८० टक्के फक्त तलवार, कुऱ्हाड, बाण यांच्यासाठी आहेत. आग, बर्फ आणि विजेपुढे चिलखताचा काही उपयोग नाही. डेड्रिक चिलखत घातलेला गडी दारात उभा असतो आणि आतला जादूगार दोन वारांत त्याला आडवा करतो, हे प्रत्येकाने कधीतरी पाहिलं असेल. ज्या झाडातून मेज आर्मर येतो त्याच झाडात मॅजिक रेझिस्टन्सच्या (जादूचा मार कमी करण्याच्या) तीन पायऱ्या आहेत, १०, २० आणि ३० टक्के. ब्रेटन जातीला जन्मजात २५, लॉर्ड स्टोन या वरदान देणाऱ्या शिळेचे २५ (वर ५० रेटिंग), मारा देवीच्या मंदिरातलं प्रेमीयुगुलांचं काम पुरं केलं की १५. बेरीज ९५ होते आणि गेम ८५ ला थांबवतो. चिलखतवालाही हे गोळा करू शकतो, पण त्याला त्यासाठी ऑल्टरेशनमध्ये वेगळे पर्क घालावे लागतात. मी त्या झाडात आधीच उभा आहे. नवशिक्या, शिकाऊ, अडेप्ट, एक्सपर्ट या चार पायऱ्या, तीन मेज आर्मर, तीन रेझिस्टन्स. दहा पर्कमध्ये पोलाद आणि जादू दोन्हींचा बचाव होतो, आणि स्मिथिंगचं झाड उघडावंच लागत नाही.

"डिस्ट्रक्शन पुढे लुळं पडतं." पडतं, यात वाद नाही. डिस्ट्रक्शनचं कौशल्य वाढलं की मंत्र स्वस्त होतात, पण त्यांचा मार वाढत नाही. पर्कने तो वाढतो, पण फारतर ५० टक्के. शत्रूचं रक्त मात्र पातळीबरोबर वाढत राहतं. पण हा आक्षेप निव्वळ जादूगारावरचा आहे. योद्धा-जादूगारावर तो चिकटवणं म्हणजे एकाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडणं. माझा मार तलवार करते, आणि तलवारीला आर्म्समन पर्कच्या पाच पायऱ्या आहेत, शेवटची घेतली की घाव दुप्पट. मंत्रांकडून मला मारामारी नकोच आहे. त्यांनी मला झाकावं, भरून काढावं, एखाद्याला थबकवावं, एवढं पुरे.

आणि तलवार कुठली? इथे मी जरा रेंगाळणार, कारण या बिल्डमधलं हे माझं सगळ्यात आवडतं आहे. बाउंड स्वोर्ड हा कॉन्ज्युरेशन (आवाहनाची जादू) शाखेचा, तलवार हातात आणणारा नवशिक्या पातळीचा मंत्र. मूळ मार ९. कॉन्ज्युरेशन २० ला मिस्टिक बाइंडिंग हा पर्क घेतला की १४. डेड्रिक तलवारीचा मूळ मारही १४ च असतो, आणि ती घडवायला स्मिथिंग ९० लागतं. ब्रेटन खेळाडूचं कॉन्ज्युरेशन पहिल्या क्षणापासून २५ असतं. म्हणजे पहिले दोन पर्क तिकडे टाकले आणि मंत्रपुस्तक हाती लागलं की तिसऱ्या पातळीवर, लोक अजून ७ माराची लोखंडी तलवार फिरवत असताना, तुमच्या हातात ती निळसर जांभळी पाती असते. वजन शून्य. वन-हँडेडचे (एका हाताच्या शस्त्रांचे) पर्क तिला लागू होतात. सोल स्टीलर पर्क घेतला की तिच्या घावाने पडलेल्याचा आत्मा आपोआप सोल जेममध्ये (आत्मा साठवणाऱ्या खड्यात) जातो, म्हणजे एन्चांटिंगचा (वस्तूंवर जादू चढवण्याचा) कच्चा माल लढता-लढता जमतो. ती निहाईवर घासून वाढवता येत नाही, हे तिचं उणं, आणि शेवटी-शेवटी चांगली घासलेली डेड्रिक तलवार तिच्या पुढे जाते. १२० सेकंदांनी ती विरते. म्यान केली तरी विरते, त्यामुळे लढाई संपेपर्यंत हात खाली करायचा नाही ही सवय लावून घ्यावी लागते.

मॅजिका पुरत नाही, या आक्षेपातही तीच गल्लत आहे. लढाईत मॅजिका खरोखर हळू भरते, एरवी सेकंदाला ३ टक्के आणि लढताना त्याच्या तिसऱ्या हिश्शाने. निव्वळ जादूगाराची मॅजिका संपली की तो पळतो. माझी संपली की मी तलवार चालवतो, आणि साध्या घावाला स्टॅमिनाही लागत नाही. झग्याचा खरा उपयोगही इथेच आहे, ज्याला लोक शोभा म्हणतात. नवशिक्याच्या झग्यावर त्या-त्या शाखेचे मंत्र १२ टक्के स्वस्त आणि भरण्याचा वेग ५० टक्के जास्त असतो. अडेप्ट झग्यावर १७ आणि १००, मास्टरच्या झग्यावर २२ आणि १५०. दोन गुण एकाच कपड्यात, सोनं मोजलं की मिळाले. वजन १. डेड्रिक छातीचं वजन ५० आहे आणि आपण ३०० च्या ओझ्याने सुरुवात करतो. थडगं साफ करून परतताना हा फरक पाठीला कळतो.

राहिलं "भाराभर चिंध्या". हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं म्हणून फिरतं. पण मोजून बघा ना. चिलखती तलवारबाज कुठली झाडं चढतो? वन-हँडेड, हेवी आर्मर, ढाल असेल तर ब्लॉक, स्मिथिंग, आणि कुणी सोडत नाही ते एन्चांटिंग. म्हणजे पाच. मी वन-हँडेड, ऑल्टरेशन, कॉन्ज्युरेशन, रिस्टोरेशन (बरं करण्याची जादू) आणि एन्चांटिंग. पाचच. तिसाव्या पातळीला दोघांच्याही हातात २९ पर्क असतात. माझे साधारण असे जातात: ऑल्टरेशन ९ (दहावा नंतर), वन-हँडेड ५, कॉन्ज्युरेशन ४, एन्चांटिंग ५, रिस्टोरेशन ४, आणि दोन हाताशी. बिल्ड बिघडतो तो डिस्ट्रक्शन, इल्युजन, धनुष्य, चोरी हे सगळं "असू दे" म्हणून उघडल्याने. ती चूक चिलखत घालूनही होते. आणि ऑल्टरेशन मागे पडतं म्हणाल, तर व्हाइटरन शहराच्या बाजारात उभं राहून डिटेक्ट लाइफ हा आसपासचे जीव दाखवणारा मंत्र म्हणत राहा. भर वस्तीत ते भराभर वाढतं.

लेजंडरी या सगळ्यात अवघड काठिण्यपातळीवर हा बिल्ड मी कुणाला सुचवणार नाही. तिथे आपल्याला मार तिप्पट लागतो आणि आपला पाव होतो, आणि ६४ चा घाव तिपटीने अंगावर आला की ड्रॅगनहाइडच्या त्या ३० सेकंदांबाहेर उभं राहणं कठीण आहे. एक्स्पर्ट काठिण्यपातळीपर्यंत मी निर्धास्त खेळतो, मास्टरवर सावध.

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक, कारण तो समजूतदार वाटतो: "झगा हवाच तर घाला, पण निदान बूट आणि हातमोजे तरी चिलखती घ्या. थोडा बचाव तरी होईल." दिवाळीत भाचा माझ्याकडे आला होता. महिनाभर हाच बिल्ड खेळत होता आणि वैतागला होता. "मामा, तीनही पर्क घेतले, ऑल्टरेशन ७२ आहे, तरी दोन घावांत मरतो. सगळे म्हणतात तेच खरं." मी म्हटलं, मंत्र म्हण आणि कपड्यांची यादी उघड. त्याने आयर्नफ्लेश म्हटला. खाली आकडा आला १०५ च्या घरात. अंगावर अडेप्टचा झगा, डोक्यावर सर्क्लेट (कपाळपट्टी), आणि खाली पोलादी बूट, पोलादी हातमोजे.

मेज आर्मरची अट अशी की अंगावर चिलखताचा एकही नग नको. एक बूट चालत नाही. ढाल चालत नाही. ड्रॅगन प्रीस्टचे मुखवटे दिसायला कितीही जादूगाराचे वाटले तरी ते चिलखतात मोडतात. सर्क्लेट, अंगठी, गळ्यातलं, कापडी टोपी, साधे जोडे चालतात. दोन्ही डगरींवर हात ठेवल्यामुळे भाच्याचे तिन्ही पर्क महिनाभर बंद पडून होते. पोलादाचे दोन नग त्याला पंचवीसेक अंक देत होते आणि १६० खात होते.

"काढ ते."

"पण मामा, पाय उघडे..."

"काढ, आणि परत म्हण."

त्याने बूट उतरवले, हातमोजे उतरवले, आयर्नफ्लेश पुन्हा म्हटला आणि यादी उघडली. २४०. तो थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. मग त्याने बूट जमिनीवर टाकून दिले, डाव्या हातात बरं करण्याचा मंत्र घेतला, उजव्या हातात ती जांभळी तलवार ओढली आणि ज्या दारातून सकाळपासून चार वेळा मरून आला होता ते दार ढकललं.