कोच डॉरन्स निवृत्त झाले, तरी टीम जिंकली ती कशी?

कॉलेज सॉकरचा विषय निघाला की अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातले, आमच्या कॅरी-मॉरिसव्हिलकडचे मराठी आईबाप हमखास विचारतात, "तिथे कोच कोण आहे?" जणू एकच माणूस शिट्टी घेऊन उभा असतो आणि बाकीचे नुसते पाण्याच्या बाटल्या भरतात. मला हा प्रश्नच अर्धवट वाटतो. का, ते सांगायला लांब जायची गरज नाही. अर्ध्या तासावर चॅपल हिल आहे, तिथल्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनाच्या मुलींच्या टीमचं उदाहरण पुरेसं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अॅन्सन डॉरन्स, जन्म 1951, गाव मुंबई! वडील तेल कंपनीत, त्यामुळे बालपण भारत, आफ्रिका, सिंगापूर, युरोप असं फिरतीवर गेलं. (मुंबई म्हटल्यावर आपल्या मंडळींचा ऊर लगेच भरून येतो. शांत राहा, सॉकर ते मुंबईत शिकलेले नाहीत.) 1977 मध्ये ते नॉर्थ कॅरोलायनाच्या मुलांच्या टीमचे कोच झाले. 1979 मध्ये मुलींची टीम सुरू झाली, तीही त्यांच्याच गळ्यात पडली आणि जवळजवळ दहा वर्षं त्यांनी दोन्ही टीम सांभाळल्या. मुलींनी 1981 मध्ये पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. 1982 पासून एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेजांच्या क्रीडा संघटनेची) स्पर्धा सुरू झाल्यावर आणखी 21. त्यातली 1986 ते 1994 ही नऊ तर ओळीने! याच काळात ते अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचेही कोच होते आणि 1991 मध्ये चीनमध्ये झालेला महिलांचा पहिला विश्वचषक त्यांच्याच संघाने जिंकला. मिया हॅम, क्रिस्टीन लिली, टोबिन हीथ, क्रिस्टल डन या सगळ्या याच कॉलेजच्या. आज मैदानाचं नावच डॉरन्स फील्ड आहे.

ऑगस्ट 2024 मध्ये, सीझन तोंडावर आलेला असताना, डॉरन्स निवृत्त झाले. आधीच 2012 नंतर विजेतेपद नव्हतं. 2022 च्या फायनलमध्ये तर दोन गोलची आघाडी हातची गेली. समोरच्या यूसीएलएने शेवटच्या मिनिटात बरोबरी केली आणि जादा वेळेत सामना जिंकला. त्यात चांगल्या चांगल्या मुली प्रोफेशनल लीगकडे निघून गेलेल्या. आमच्या ग्रुपवर "आता संपलं" असे मेसेज पडले. सहायक कोच डेमन नाहास यांच्याकडे हंगामी जबाबदारी आली आणि डिसेंबरात त्याच टीमने इथे कॅरीतच सेमीफायनलला ड्यूकला 3-0 आणि फायनलला वेक फॉरेस्टला 1-0 हरवलं. एनसीएएचं बाविसावं विजेतेपद. मग नाहास कायमचे हेड कोच झाले.

आता चार महिन्यांत कुणी नवं सॉकर शिकवत नसतं. टीम डॉरन्सनीच जमवलेली होती, ते श्रेय त्यांचंच. पण मुलींना रोज हाताळणारी माणसं, कुठल्या मुलीला कधी ओरडायचं आणि कुणाला एकटं सोडायचं हे माहीत असलेली माणसं, जागेवरच होती. लग्नात फोटो नवरानवरीचे निघतात, पण कोठीघराची किल्ली ज्या मावशीकडे असते तिच्यावर सगळं कार्य चालतं. सहायक कोच म्हणजे ती मावशी.

नॉर्थ कॅरोलायनात या मावशीचं नाव बरीच वर्षं बिल पॅलाडिनो होतं, सगळ्यांचा 'डिनो'. डॉरन्सबरोबर कॉलेजात खेळलेला हा माणूस पुढे जवळजवळ चार दशकं त्यांचा सहायक राहिला. चार दशकं दुय्यम खुर्चीत! आपल्याकडे दोन वर्षांत प्रमोशन नाही मिळालं तर माणूस लिंक्डइन उघडून बसतो. गोलकीपर आणि नव्या खेळाडूंची निवड हे खातं वीसहून अधिक वर्षं ख्रिस ड्यूकार यांच्याकडे होतं. हेदर ओ'रायली, ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं गळ्यात घालून आलेली बाई, तिथे काही काळ व्हॉलंटियर असिस्टंट होती, म्हणजे पगार शून्य. एनसीएएने किती कोचना पगार द्यायचा यावर मर्यादा घातली होती, म्हणून ही बिनपगारी जागा असायची. 2023 मध्ये तो प्रकार बंद झाला. बरं झालं.

आणि एक जमात अशी जिचं नाव कुणालाच ठाऊक नसतं: वही घेऊन उभे राहणारे स्टुडंट मॅनेजर. डॉरन्सची 'काँपेटिटिव्ह कॉल्ड्रन' पद्धत त्यांच्या जिवावर चालायची. मूळ कल्पना त्याच कॉलेजचे बास्केटबॉल कोच डीन स्मिथ यांची. सरावात जे काही होईल ते लिहून ठेवायचं. एकास एक लढतीत कोण जिंकलं, हेडर कुणी जिंकले, पळण्यात कोण कितवं आलं. मग क्रमवारी लावून ती सगळ्यांना दिसेल अशी टांगायची. आपल्या शाळेत निकाल फळ्यावर लागायचा तसला प्रकार, फक्त सतत. शिवाय मुली एकमेकींना टीमच्या मूल्यांवर गुण देतात. त्यातलं एक मूल्य मला फार आवडतं: रडगाणं गायचं नाही. (हे मी घरात फ्रिजवर लावलंय. परिणाम नाही.)

ही पद्धत माणूस घडवते तशी मोडूही शकते, असं माझं मत आहे. आज आपण अठ्ठाविसाव्या आहोत हे भिंतीवर वाचून घरी जाणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोरीशी कुणीतरी बोलायला हवं. हेड कोच बोलू शकत नाही, कारण टीममध्ये कोण खेळणार हे तोच ठरवतो. त्याच्यासमोर मुलगी खरं कशाला बोलेल? ते काम सहायकाचंच.

इथेच या टीमची दुसरी बाजू येते, जी चाहते सांगत नाहीत. 1998 मध्ये दोन माजी खेळाडूंनी डॉरन्सवर लैंगिक छळाचा दावा लावला. खेळाडूंच्या खासगी आयुष्याबद्दल सरावात चालणाऱ्या गप्पा हा त्यातला मोठा भाग होता. डॉरन्सनी छळ केल्याचं नाकारलं, पण अशा थट्टामस्करीत आपण सामील होत होतो हे मान्य केलं. एक दावा 2004 मध्ये 70,000 डॉलर आणि माफीवर मिटला, दुसरा 2008 मध्ये 3,85,000 डॉलरवर. मला या प्रकरणात पैशापेक्षा एक गोष्ट खटकते. मैदानावर डॉरन्स एकटे नव्हते. "सर, पुरे" असं म्हणणारा स्टाफ असता तर गोष्ट कोर्टात गेलीच नसती. वरिष्ठाची सगळी कामं चोख करणारा पण त्याला एकदाही न अडवणारा सहायक माझ्या लेखी अर्धाच सहायक. जिंकणाऱ्या माणसाला अडवणं सगळ्यात अवघड असतं, हे मला कळतं. तरीही.

आपल्याकडच्या कॉलेजांचं तर विचारूच नका. एक फिजिकल डायरेक्टर, त्यानेच कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, फुटबॉल सगळं बघायचं, टीएडीएची बिलं भरायची आणि परीक्षेला सुपरव्हिजनही करायचं. तिथे स्टाफ हा शब्दच विनोदी. कोल्हापुरात पोरं पेठेतल्या तालमींच्या जोरावर फुटबॉल खेळतात, कॉलेजच्या जोरावर नाही, यात नवल ते काय.

तर ज्यांच्या मुली आता नववी-दहावीत आहेत त्यांच्यासाठी. दहावी संपल्यावर 15 जूनपासून कॉलेजचे कोच खेळाडूंशी थेट संपर्क करू शकतात. पहिला मेल, पहिला फोन बहुतेक सहायकाचाच येतो. त्याला विचारा, तुम्ही इथे किती वर्षं आहात? तुमच्या आधी होते ते का गेले? स्टाफमध्ये बाई आहे का? दुखापत झाली, अभ्यास मागे पडला, तर मुलगी कुणाकडे जाते? कॅम्पसला गेलात तर सामना सुरू व्हायच्या आधी लवकर पोचा आणि गोलकीपरचा वॉर्म-अप बघा. कोच नुसता बॉल मारत राहतो, की मधे थांबून तिच्याजवळ जातो, पाय कुठे ठेवायचा ते दाखवतो, तिचं ऐकून घेतो? त्या वीस मिनिटांत जे कळतं ते कॉलेजच्या चकचकीत व्हिडिओत कळत नाही. आणि हे सगळं मुलीला विचारू द्या. आईबापांनी कोचशी बोलत बसू नये, तिकडे लगेच नोंद होते.