औषध म्हणावे, नाव विचारू नये

खान्देशात औषध आणायला निघालेल्या माणसाने एक पथ्य कसोशीने पाळावे : ते कोणते आणि कशाचे, हे तोंडातून काढू नये. जामनेर असो की शिंदखेडा, दुकानाच्या काउंटरसमोर उभे राहून ‘औषध द्या’ एवढेच म्हणावे. समोरचा माणूस तुमच्या चेहऱ्याकडे, हातातल्या पिशवीकडे आणि चपलांना चिकटलेल्या काळ्या मातीकडे पाहून आजारी तुम्ही आहात, तुमची म्हैस आहे की तुमची कपाशी, हे आपले आपण ताडतो. ज्या शब्दाने इतकी सोय होते त्याला नेमक्या अर्थाच्या दावणीला बांधणे हा कृतघ्नपणाच होय.

तरीही कोणाला विद्वत्तेची उबळ आलीच, तर त्याने अमरकोश उघडावा. भेषज, औषध, भैषज्य, अगद आणि जायु असे पाच शब्द तेथे एका ओळीत मांडून ठेवलेले आहेत. यातला ‘जायु’ रावेरच्या बाजारात उच्चारलात तर लोक तुमच्या नातीचे नाव समजतील, म्हणून तो घरीच वापरावा. त्याच कोशात आणखी एक उपयोगाची गोष्ट आहे : फळ पिकले की जिचे आयुष्य संपते ती ओषधी, आणि औषध हा शब्द त्या ओषधीवरूनच आलेला. या हिशेबाने ज्वारी, बाजरी आणि हरभरा ही औषधी पिके ठरतातच, पण घड उतरवला की जिचे खोड तोडावे लागते ती आपली केळीसुद्धा चांगलीच बसते. तेव्हा यावल-रावेरकडच्या शेतकऱ्यांनी आपण फळबाग करतो असे यापुढे सांगू नये. आपला औषधांचा कारखाना आहे असे सांगावे, आणि व्यापाऱ्याने भाव पाडला की छापील किमतीचा आग्रह धरावा. कारण दहा गोळ्यांच्या पाकिटावर किंमत छापलेली असते, केळीच्या घडावर नसते, आणि एवढ्या एका फरकामुळे आपण मागे राहिलो आहोत, असे मानायला काय हरकत आहे?

दारूच्या बाबतीत मात्र कोणताही संकोच बाळगू नये. दारू म्हणजे फारसीत औषधच. इराणात आजही औषधांच्या दुकानाला दारूखाने म्हणतात. आपण तो शब्द घेतला, तोफांच्या दारूगोळ्यासाठी वापरला, शोभेच्या दारूसाठी वापरला, प्यायलाही वापरला, आणि मूळ अर्थ ‘दवादारू’ या जोडशब्दाच्या शेपटाला तेवढा अडकवून ठेवला. परंतु सरकारची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा तल्लख आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात पिण्याचा जो परवाना मिळतो, तो आरोग्याचे जतन व्हावे या कारणासाठी मिळतो. म्हणून संध्याकाळी घरून कोणी टोकले तर आपण शासनमान्य उपचार घ्यायला निघालो आहोत, असे शांतपणे सांगावे. परवाना काढलेला नसेल, तर अर्थातच तो स्वतःच्या मनाने केलेला उपचार ठरतो, आणि त्याचीही आपल्याकडे मोठी परंपरा आहे.

ही परंपरा समजून घ्यायची असेल, तर मेडिकलच्या दुकानात थोडा वेळ उभे राहावे. पाकिटावर जी तांबडी उभी रेघ असते, तिचा अर्थ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नये असा आहे. आपण मात्र ती सजावट समजून सोडून द्यावी. पूर्ण पाकीट कधीही घेऊ नये, चार गोळ्या कातरून घ्याव्यात. असे केल्याने औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख बहुधा दुकानातच राहते, आणि आपल्या खिशात निर्गुण निराकार अशा चार गोळ्या येतात. पुढच्या वेळी ‘ती तांबडी, लांबट’ एवढे वर्णन पुरते. डॉक्टरकडे जाण्याची वेळ आलीच, तर आजार सांगत बसू नये, ‘सुई लाई द्या, डाक्टर’ म्हणून मोकळे व्हावे. सुईत काय आहे हे विचारणे म्हणजे त्यांच्या ज्ञानावर अविश्वास दाखवणे. गुण आला तर डॉक्टरांच्या हाताला यश आहे, नाही आला तर आपलेच पथ्य चुकले.

मेडिकलमधली बाकीची सामग्री राजकारणात आधीच मुरलेली असल्यामुळे तिच्यावर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. निवडणूक लागली की पुड्या सोडल्या जातात, गोळ्या दिल्या जातात, उपदेशाचे डोस पाजले जातात, आणि निकालानंतर कोणाचीच मात्रा चालत नाही. सरकारी दवाखान्यात तेव्हाही औषधाला औषध सापडत नाही.

या सर्व अर्थांचा राजा मात्र कृषी केंद्रात बसतो. तेथे जाताना कपाशीचे एक पान तोडून रुमालात बांधून न्यावे. दुकानदार ते उलटे करतो, उजेडात धरतो, नखाने खरवडतो आणि ‘मावा शे, भो’ असे निदान करून तीन बाटल्या पुढे सरकवतो : एक अळीची, एक बुरशीची आणि एक टॉनिकची. मावा ही पानातला रस शोषणारी बारीक कीड तिन्हींपैकी कोणत्या बाटलीला भिणार आहे, हे विचारून त्याचा वेळ घेऊ नये, कारण मागे अजून पंधरा रुमाल उभे असतात. आपल्या भाषेची खरी श्रीमंती येथे दिसते. माणूस औषध घेतो, ढोराला ते पाजतात, कपाशीवर मारतात आणि केळीला ठिबकमधून सोडतात. रोगी कोण ते क्रियापद सांगते, औषध आपले सगळीकडे औषधच राहते.

या बाटल्यांवर कोपऱ्यावर उभा केलेला एक छोटा चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग तांबडा असेल तर आतला माल अत्यंत विषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा, असा सरकारी संकेत आहे. सोबतच्या कागदावर विषबाधेवरचा उताराही छापलेला असतो, परंतु अक्षर इतके बारीक की ते वाचायला आधी डोळ्यांचे औषध घ्यावे लागेल. तेव्हा त्या कागदाची सुरनळी करून पंपाचे तोंड पुसावे. उरलेले औषध चपटीत ओतावे, म्हणजे मूळ बाटलीचा अडगळीतला पसारा वाचतो, आणि ती चपटी खोकल्याच्या औषधाशेजारी कोनाड्यात ठेवावी. दोन्ही औषधेच आहेत, एकमेकांची सोबत होईल. आपल्याकडच्या बातम्यांतही ‘औषध घेतले’ एवढेच येते आणि वाचणाऱ्याला बरोबर कळते. कोणते, असे कोणी विचारत नाही.

विचारतो तो फक्त जिल्ह्याच्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर. एका जातीच्या विषावर अट्रोपिन चालते, दुसऱ्या जातीवर त्याचा उपयोग नसतो, म्हणून त्याला नाव हवे असते, किंवा निदान बाटली तरी. हा हट्टी माणूस भेटला तर गडबडून जाऊ नये. औषधच होते, असे ठामपणे सांगावे. त्याने पुन्हा विचारले तर बरोबर आलेल्या मंडळींनी पुढे व्हावे. एकाने बाटलीवर कपाशीचे बोंड होते म्हणावे, दुसऱ्याने बोंड नव्हे, अळी होती म्हणावे, तिसऱ्याने हा माल पाचोऱ्याहून आणला होता की पारोळ्याहून, यावर वाद घालावा, आणि चौथ्याने मोटारसायकल काढून कोनाड्यातली चपटी आणायला गावाकडे निघावे, जिच्यावर कसलेच लेबल नाही.